इतिवृत्तात एक ओळ

निवडणुकीला एकोणीस दिवस होते.
खुर्च्या कमी पडल्या म्हणून
अग्निशमन दलाच्या शेडमधून बाकं आणली,
ओलसर, डिझेलचा वास मारणारी.
मी नेहमीच्या कोपऱ्यात, वही उघडून.
बावीस वर्षं या गावाची कारकून आहे मी:
कुत्र्यांचे परवाने, मृत्यूचे दाखले, सभांची इतिवृत्तं
सगळं एकाच निळ्या शाईत.

प्रश्न डेल्फीन ऱ्होड्सनं विचारला,
उभं राहून, हातमोजे न काढता:
"वायुवाहिनीबद्दल तुमची भूमिका काय?
हो की नाही, एवढंच सांगा."

ऑरिन टटलनं टोपी काढली. परत घातली.
मेपलचा पाक उकळणारा माणूस,
बोटांच्या भेगांत साखरेचा काळा राप,
भाषण त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"माझ्या रानात सात मैल नळी आहे," तो म्हणाला,
"झाडाझाडाला टोचलेली. मार्चमध्ये
रस उतारानं आपोआप खाली येतो.
तेव्हा नळीचा मला विटाळ नाही.
आणि आई माझी फेब्रुवारीत
स्वयंपाकघरातच झोपते, चुलीच्या तोंडाशी,
कारण तेलाची टाकी भरायची
तर छप्पर राहतं.
ऊब कुणाला नको असते?"

मागच्या ओळीत कुणीतरी टाळी वाजवली. एकच.

"पण ही नळी आपल्याकडे थांबणार नाही.
तीस इंच रुंद, किनाऱ्याकडे चाललेली.
अंगणातून वरात जाणार,
आणि आपल्याला साधं बोलावणंही नाही.
मांडवाचे खड्डे तेवढे आपल्या जमिनीत."

आता टाळ्या. बाकं हलली. मी लिहिलं: विरोध.
शब्दाखाली रेघ मारणार,
इतक्यात तो म्हणाला,
"थांबा. संपलं नाही."

"मोजणीला पहिली परवानगी मी दिली.
गेल्याच्या गेल्या वर्षी, ऑगस्टमध्ये.
अकराशे डॉलर.
भट्टीचं धुराडं गंजलं होतं, ते बदललं.
विहिरीपासून कड्यापर्यंत
झाडांना नारिंगी फिती दिसतात ना तुम्हाला,
त्या माझ्या कुंपणापासून सुरू होतात."

कॉफीचं मशीन गुरगुरत राहिलं.
कंपनीचा पोरगा दाराशी उभा होता, ओल्या बुटांत;
त्यानंही टिपण थांबवलं.
(त्याचं नाव मला लिहावं लागलं: कायलर ब्रँट.
राहणार: लागू नाही.)

"म्हणजे नक्की काय?" डेल्फीन.

"म्हणजे मी विरोधात आहे.
आणि त्याआधी मी विकला गेलो होतो.
दोन्ही लिहा."
हे त्यानं तिला नाही, मला सांगितलं.

छापील नमुन्यात उमेदवाराच्या भूमिकेला एक ओळ असते.
मी समासात शिरले, मग समासातून खाली,
अक्षर बारीक करत, मुंगीएवढं,
तरी धुराडं बसलं नाही त्यात.
आईची चूल तर नाहीच.

लोक पांगले. काही त्याच्याशी हात मिळवून,
काही मुद्दाम गाडीच्या किल्ल्या शोधत.
म्हाताऱ्या अ‍ॅम्ब्रोज केलॉगनं त्याला विचारलं,
धुराडं कुठून घेतलंस, माझंही गेलंय.
हीच त्या रात्रीची सर्वांत सभ्य गोष्ट.

मी एकटी राहिले. बाकं उद्या उचलतील.
माझ्या खणात, कुत्र्यांच्या परवान्यांखाली
कंपनीचं एक पाकीट होतं, माझ्या नावाचं.
आत माझी सही झालेली.
तिकीटही लावलेलं.
सप्टेंबरपासून
मी रोज टपालाच्या पेटीवरून जात होते.

वहीवर तारीख घातली.
उपस्थिती: एकशे चार.
एकशे तीन लिहून पाहिलं, मग पुन्हा चार केलं.

दिवे घालवले. नियमाप्रमाणे
सभागृहाचा हीटर अठ्ठावन्न अंशांवर आणला
आणि अंगात कोट तसाच ठेवून
थोडा वेळ बसून राहिले.